पत्र्याची परीक्षा की पंचांगाची?

जुन्या मोटारीचे काय करावे, ह्या प्रश्नावर सांप्रत आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, ठराविक वर्षे भरली की मोटार मोडीत काढावी. तिची प्रकृती कशी आहे हे पाहत बसण्याचे कारण नाही. दुसरा पक्ष म्हणतो, जी मोटार वडिलांनी घेतली, जिच्यातून आम्ही लग्नाला गेलो आणि जिच्यातून तान्हे मूल घरी आणले, ती आम्ही प्राण गेला तरी देणार नाही; दरवर्षी तिला रंग देऊ, पण अंगणातून हलवणार नाही. पहिला पक्ष सरकारचा व नव्या मोटारी विकणारांचा. दुसरा आमच्यासारख्या हौशी मालकांचा. प्रस्तुत लेखकाने आयुष्याची सदतीस वर्षे दुसर्‍या पक्षात काढली. आज तो दोन्ही पक्षांविरुद्ध फिर्याद घेऊन वाचकांपुढे उभा आहे. फिर्याद एका वाक्यात सांगण्याजोगी आहे: पहिला पक्ष मोटारीचे पंचांग पाहतो, दुसरा तिचा रंग पाहतो, पत्रा मात्र कोणीच पाहत नाही.

प्रथम सरकारपक्षाचा विचार करू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे चालते आणि पुढे तपासणी होऊन ती पाचपाच वर्षांनी वाढवून मिळते. येथवर कायद्याची दृष्टी शहाणपणाची आहे, कारण तीत तपासणी हा शब्द आहे. परंतु तपासणी करावयास माणूस लागतो, वेळ लागतो आणि कष्ट लागतात. वर्षे मोजावयास भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. त्यामुळे हळूहळू तपासणी मागे पडली आणि मोजणी पुढे आली. दिल्ली व तिच्या आसपासच्या प्रदेशात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2014 व 2015 साली आदेश काढून 15 वर्षांवरील पेट्रोलच्या आणि 10 वर्षांवरील डिझेलच्या गाड्यांना रस्ता बंद केला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तीच मर्यादा उचलून धरली. 2025 च्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच देऊ नये असा हुकूम सुटला, आणि ओरड होताच काही दिवसांतच तो बाजूला ठेवावा लागला. जो नियम सकाळी वेदवाक्य म्हणून निघतो आणि संध्याकाळी गुंडाळून ठेवावा लागतो, त्याच्या मुळाशी शास्त्र किती आणि सोय किती, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्या मुंबईचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने प्रीमियर पद्मिनीने ह्या शहराला दोन पिढ्या पाठीवर वाहून नेले. तिच्या जातीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीस 20 वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 रोजी तिचा अधिकार संपला. आदल्या रात्री जी गाडी उतारू नेण्यास लायक होती, ती दुसर्‍या दिवशी सकाळी नालायक ठरली. त्या रात्री तिच्या यंत्रात किंवा पत्र्यात कोणता फरक पडला? काहीच नाही, फक्त तारीख बदलली.

ह्याच सरकारने 2021 साली आणखी एक नियम केला आहे. ज्या गाडीस पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झाली असतील आणि जिचे मूळ रूप कायम असेल, तीस विशेष मानाची नोंदणी मिळते; तिला निराळी अक्षरे मिळतात आणि प्रदर्शनास मिरवत नेण्याची मुभा मिळते. नित्याच्या कामास मात्र ती वापरावयाची नाही. म्हणजे पंधराव्या वर्षी संशयित, विसाव्या वर्षी दंडपात्र आणि पन्नासाव्या वर्षी पूज्य! मधली तीस वर्षे ती कोठे काढावी आणि कशी काढावी, ह्याचे उत्तर नियमाजवळ नाही. उलट ती वर्षे काढणे जितके कठीण होईल तितके करण्याची व्यवस्था मात्र आहे. मोटारीच्या फेरनोंदणीची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 वर गेली, आणि 2025 च्या ऑगस्टात 20 वर्षांवरील मोटारीस ती 10,000 करण्यात आली. फी वाढल्याने गंज कमी होत नाही. ज्याच्याजवळ दहा हजार आहेत त्याची कुजकी गाडी रस्त्यावर राहते आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याची धडधाकट गाडी मोडीत जाते, एवढाच काय तो ह्या व्यवस्थेचा गुण.

येथवर वाचून आमचे हौशी मालक मान डोलावू लागले असतील. त्यांनी थोडे थांबावे. त्यांची पाळी येणार आहे. पण तत्पूर्वी पत्रा पाहणे म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे, आणि ते मला माझ्याच अंगणातून सांगावे लागेल.

वालचंद हिराचंद ह्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या अकराशेच्या घाटाची जी मोटार बाहेर पडू लागली, तिलाच सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. 1,089 घन सेंटिमीटरचे साधे यंत्र, गोलसर अंग आणि फार दिवस वाट पाहिल्यावाचून न मिळणारी, अशी ती गाडी. आमच्या वडिलांनी ती 1986 साली घेतली. आमचे गाव कोकणातले, समुद्राच्या काठचे. तेथे पावसाळ्यात चार महिने हवा ओली आणि उरलेले आठ महिने हवा खारी. लोखंडाला गंज चढण्यास पाणी व हवा एवढ्या दोन गोष्टी पुरतात. मीठ मिळाले की तो चालत होता तो धावू लागतो. म्हणून गाडी आल्यापासून चारपाच वर्षांतच माझ्या हाती हातोडी आली, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

घरच्या घरी मोटारीचा पोचा काढणे हे काम पाहणारास वाटते तितके रानटी नाही. दाराला पोचा आला तर आधी आतले अस्तर काढावे लागते. मग मागच्या बाजूने डॉलीचा जड ठोकळा टेकवून बाहेरून हलक्या हाताने ठोकावे लागते, आणि तेही मध्यावर नव्हे, कडेपासून आत. पोचा ज्या क्रमाने पडला त्याच्या उलट क्रमाने तो निघतो. घाईने मध्यावर घाव घालणाराचा पत्रा ताणला जातो. मग तो जागेवर येत नाही आणि दाबला असता डब्याच्या झाकणासारखा डबडबतो. ठोकून जितके सरळ होईल तितके करावे, रंग खरवडून स्वच्छ धातू उघडा करावा, आणि उरलेल्या बारीक उंचसखलपणापुरतीच पुट्टी भरावी. ती दोनतीन मिलिमीटरांहून जाड असू नये. तिच्यात घट्ट करणारे द्रव्य चिमूटभर अधिक पडले तरी ती तडकते. मग जाड्या कागदापासून बारीक कागदापर्यंत घासणे, प्रायमर, पुन्हा घासणे आणि शेवटी रंग. पावसाळी हवेत रंगाचा फवारा मारला तर त्यावर पांढुरकी झाक चढते. म्हणून दसर्‍याची वाट पाहावी लागते. ह्या सार्‍या खटाटोपात मोटारीची जी ओळख होते ती कोणत्याही कागदपत्राने होत नाही. कोठे पत्रा जाड आहे, कोठे पातळ झाला आहे, कोठे ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो आणि कोठे भदभद, हे हाताला कळते. वैद्याला नाडी जशी कळते तसेच हे आहे.

आता आमच्या हौशी मित्रांनी कान द्यावा. पुट्टी ही वस्तू पोच्यासाठी आहे, गंजासाठी नाही. पोचा म्हणजे आकाराची विकृती. गंज म्हणजे धातूचा क्षय. गंजलेल्या जागेवर पुट्टी थापून रंग दिला की वरून ती जागा आरशासारखी दिसते. परंतु पुट्टी ओल शोषून घेते आणि खाली गंज सुखाने वाढत राहतो. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगास आतून उचलतो आणि फुगे दिसू लागतात. आमचा हौशी मालक काय करतो? फुगा घासतो, वर आणखी पुट्टी थापतो, आणि मित्रमंडळींस मोठ्या अभिमानाने गाडी दाखवतो. ह्याला तो प्रेम म्हणतो. मी ह्याला प्रेम म्हणण्यास तयार नाही. क्षयाच्या रोग्याच्या गालांना गुलाल लावून त्याला वरातीत बसवणे हे जर प्रेम असेल तरच हेही प्रेम होय.

कोणी म्हणेल, मोटार ज्याची, गंज त्याचा. इतरांनी त्यात पडण्याचे कारण काय? कारण असे आहे की ह्या जातीच्या मोटारीस निराळा सांगाडा नसतो. ट्रकप्रमाणे खाली चौकट आणि वर अंग अशी तिची रचना नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. दारांच्या उंबरठ्याखाली ज्या पोकळ पेट्या असतात, त्यांवर गाडीची ताठ राहण्याची शक्ती अवलंबून असते. त्या पेट्यांत चिखलपाणी शिरते, निचर्‍याची भोके बुजतात, आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेर फुगा दिसेपर्यंत आतले काम बहुधा आटोपलेले असते. अशा गाडीस अपघात झाला तर ती आतल्या माणसांना सांभाळत नाही. चिरमुर्‍याच्या पुडीसारखी दबते. आत बसणारे मूल मालकाचे असेल. समोरून येणारा सायकलस्वार मात्र मालकाचा कोणी नव्हे.

हे मी दुसर्‍यास शिकवण्यापूर्वी मला कसे कळले तेही सांगतो, कारण ते न सांगणे ही देखील एक प्रकारची पुट्टीच होईल. 2021 साली आमच्या पद्मिनीची फेरनोंदणी करावयाची होती. त्या कार्यालयातील अधिकार्‍यांनी दिवे पाहिले, भोंगा वाजवला, सांगाड्यावरचा आकडा कागदाशी ताडून पाहिला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वा! गाडी छान ठेवली आहे." आणखी पाच वर्षांचा परवाना मिळाला. मी पेढे वाटले. 2023 चा पावसाळा सरल्यावर डाव्या दाराखाली एक फुगा दिसला, म्हणून मी नेहमीप्रमाणे घासावयास बसलो. ह्या वेळी कागदाने घासण्याऐवजी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सहज टोचून पाहिले. तो मुठीपर्यंत आत गेला. मी पुट्टीचा थर काढू लागलो. एका थराखाली दुसरा निघाला, दुसर्‍याखाली तिसरा. आणि त्या तिसर्‍या थराखाली पत्रा म्हणून काही उरलेच नव्हते, तपकिरी चुरा तेवढा होता. त्या गाडीला माझ्यावाचून कोणाचा हात लागलेला नव्हता. ते तिन्ही थर मीच दिलेले होते. एकेका दसर्‍याला, एकेका हौसेने, आई बॉनेटवर हळदकुंकू वाहील तेव्हा गाडी कशी झळकली पाहिजे, ह्या भावनेने दिलेले. फसवणारा मी, फसलेलाही मीच. आणि सरकार त्या फसवणुकीवर शिक्का मारून मोकळे झालेले!

उजवी पेटी उघडली, तीही तशीच. मागच्या स्प्रिंगा जेथे अंगास जोडलेल्या असतात तेथला पत्राही बोटाने दबला. पेट्या कापून नवा पत्रा जोडता येतो, हे मला ठाऊक होते. चांगल्या मिस्त्रीला बोलावून विचारलेही. त्याने जमिनीवर आडवे पडून अर्धा तास गाडी खालून ठोकून पाहिली, मग उठून हात पुसले आणि म्हणाला, "दादा, नवा पत्रा जोडायला जुना पत्रा लागतो. तो कुठे आहे?" सदतीस वर्षांत माझ्या गाडीची झालेली ही एकमेव खरी तपासणी. ती एका कारागिराने केली, आणि तिची फी त्याने घेतली नाही.

त्या वर्षीचा दसरा 24 ऑक्टोबरला आला. पेट्या उघड्या असतानाच गाडीला झेंडूची माळ घातली. त्यानंतर सहा दिवसांनी मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींचा निरोप झाल्याचे वाचले. त्या सुमारास एक तरुण गृहस्थ गाडी मागावयास आले होते. जुनी छायाचित्रे पाहून त्यांनी बरी किंमतही सांगितली होती. म्हणाले, "काका, पेट्या तुम्ही पुट्टीने भरून रंग द्या, आपल्याला चालेल. फार लांब कोण नेतो!" मी त्यांच्या हाती लोहचुंबक दिले आणि गाडीभोवती फिरवून आणावयास सांगितले. दारांवर ते चिकटले, छपरावर चिकटले. दारांखाली जागोजागी गळून पडले. पुट्टीस लोहचुंबक चिकटत नाही, एवढे ज्ञान प्रत्येक घेणाराजवळ असावे. ते गृहस्थ परत गेले. किंमतही त्यांच्याबरोबर गेली. दारे, काचा, कार्बुरेटर व दिवे मी दुसर्‍या एका पद्मिनीच्या मालकास दिले. त्याची गाडी मी खालून ठोकून पाहिली होती. उरलेले अंग नोंदणी रद्द करून मोडीत दिले. ट्रकवर चढवताना ते मधोमध किंचित वाकले. हेच वाकणे भर रस्त्यात, आत माणसे असताना झाले असते. ते पाहिल्यावर डोळ्यांतले पाणी आवरणे मला सोपे गेले.

आता आमच्यावर येणारे आक्षेप. पहिला आक्षेप धुराचा, आणि तो खोटा नाही. कार्बुरेटरची जुनी मोटार दर मैलामागे नव्या मोटारीहून अधिक विषारी धूर सोडते, हे मान्य केलेच पाहिजे. धूर शुद्ध करणारे उपकरण आपल्या महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींस 1995 पासून लागले, आणि भारत-6 हे कडक प्रमाण देशभर 2020 पासून आले. त्यापूर्वीच्या गाडीने नव्या गाडीची बरोबरी सांगू नये. परंतु धूर मोजता येतो. जी गोष्ट यंत्राने मोजता येते ती वयावरून अदमासण्याचे प्रयोजन काय? आठवड्यातून एकदा बाजारास जाणारी जुनी मोटार आणि रोज शेकडो मैल पळणारी, देखभालीवाचूनची आठ वर्षांची गाडी, ह्यांपैकी शहराचा श्वास कोण अधिक कोंडते? कॅलेंडरला हे कळत नाही. शिवाय नवी मोटार आभाळातून पडत नाही. तिच्यासाठी खनिज खणावे लागते, पोलाद वितळवावे लागते, आणि त्या भट्ट्यांचा धूरही ह्याच हवेत जातो. चांगल्या स्थितीतली गाडी मोडून नवी घडवणे हा नेहमीच हवेवरचा उपकार असतो, असे समजू नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. म्हणतात, लक्षावधी गाड्या खालून ठोकून पाहणार कोण? ह्याचे उत्तर इंग्लंडात आहे. तेथे 1960 पासून मोटारींची सक्तीची तपासणी आहे. 3 वर्षांवरील खाजगी मोटारीस ती दरवर्षी करून घ्यावी लागते. तेथील तपासनीस केवळ दिवे व भोंगे पाहून थांबत नाही. पट्टा, स्प्रिंगा, सुकाणू इत्यादी जेथे अंगास जोडलेले असतात, त्या जागेपासून 30 सेंटिमीटरांच्या आत भार वाहणारा पत्रा कुजून दुबळा झालेला आढळला तर गाडी नापास होते. आणि तेथे पुट्टीने केलेली दुरुस्ती दुरुस्ती म्हणून धरली जात नाही, नवा पत्रा वेल्ड करूनच बसवावा लागतो. मात्र जी गाडी ह्या परीक्षेस उतरते तिला केवळ ती पंधरा किंवा वीस वर्षांची आहे म्हणून कोणी मोडीत पाठवत नाही. ह्यासाठी लागते ती एक हातोडी, एक दिवा, आणि आडवे पडण्याची तयारी असलेला प्रामाणिक माणूस. हातोडी व दिवा आपल्याकडे आहेत. तिसरी गोष्ट नाही असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी तसे उघड म्हणावे. पण आपल्या आळसाला शास्त्राचे नाव देऊ नये.

तिसरा आक्षेप हौशी मालकांचा. ते म्हणतील, तुम्ही आमच्या भावनेला गंजाच्या तराजूत घालता. होय, घालतो. भावनेचा मान राखावयाचा तो असाच. ज्या मोटारीवर प्रेम आहे तिला खालून पाहा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, अंथरूण टाकून तिच्याखाली पडा आणि टोचून पाहा. पत्रा खणखणीत असेल तर तिच्या बाजूने सरकाराशी भांडा. त्या भांडणात मी तुमच्याबरोबर आहे. पत्रा भदभदला असेल तर पेटी कापून नवी जोडा. जोडावयास पत्राच उरला नसेल तर तिला हात जोडा. ज्या हाताने सदतीस वर्षे पोचे काढले, शेवटचा निर्णय देण्याचा अधिकार त्याच हाताचा आहे. परंतु अधिकार ज्याचा, कर्तव्यही त्याचेच. मालकाने हे कर्तव्य टाळून पुट्टी थापली म्हणूनच सरकारला पंचांग काढून बसण्यास निमित्त मिळाले, हे आम्ही विसरता कामा नये. आम्ही खोटे रंगवले, त्यांनी खोटे मोजले.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. सरकारने वयाची मर्यादा काढून टाकावी आणि तिच्या जागी खरी, खालून केलेली, धूर मोजणारी व पत्रा टोचणारी तपासणी आणावी. तीत जी नापास होईल ती गाडी पाच वर्षांची असली तरी रस्त्यावरून दूर करावी. आणि मालकाने गाडी विकताना पुट्टी कोठे आहे हे घेणारास सांगावे. पहिल्या मागणीस कायदा लागेल, वेळ लागेल, कदाचित एक पिढी लागेल. दुसरीस काहीच लागत नाही. आमच्या अंगणातल्या त्या मोकळ्या जागेवर पद्मिनीच्या तेलाचा डाग अजून आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, फरशी घासून टाकू." मी तूर्त नको म्हटले आहे. तो डाग खरा आहे. त्यावर काही थापण्याची माझी इच्छा नाही.